खानदानी शुगर आणि किडनीचं कोडं

आमच्या घरात कुणाला मधुमेह निघाला तर कुणी दचकत नाही. “अपने तो खून में च शक्कर है,” असं कुणीतरी म्हणतं आणि विषय संपतो. मराठवाड्यातल्या अनेक मुस्लीम घरांत हे वाक्य असंच सहज ऐकायला मिळेल. कुणाची खानदानी हवेली असते, कुणाची खानदानी जमीन. आमच्या वाट्याला यातलं काही आलं नाही. आली ती खानदानी शुगर.

या ‘खानदानी’ शब्दाबद्दलच आज लिहायचंय. आमच्या घरात तो नेहमी बोलणं थांबवण्यासाठी वापरला गेला. मधुमेहामुळं किडनी का निकामी होते, याचा शोध घेणाऱ्या शास्त्रज्ञांनी मात्र नेमका हाच शब्द धरून काम सुरू केलं.

आधी घरातली माणसं सांगतो. दादा-दादींना चार लेकरं. थोरले बडे अब्बा, मग फुफी, मग माझे अब्बा आणि शेवटचे चाचा. चौघांनाही शुगर. बडे अब्बा उर्दू शाळेत शिक्षक होते, भारी शिस्तीचे. शुगर निघाली त्या दिवसापासून चहा बिनसाखरेचा, फजरनंतर तासभर चालणं, गोळ्या घड्याळ बघून. तरीही चौदा वर्षांत त्यांच्या किडन्या थकल्या आणि आठवड्यातून दोनदा एसटीनं जिल्ह्याच्या गावी डायलिसिससाठी जाणं सुरू झालं. फुफीचं सगळं उलटं. त्यांना १९९४पासून शुगर आहे. ईदला शीरखुर्म्याची दुसरी वाटी त्या कुणाला न विचारता घेतात. गोळी राहिली तर “कल खा लूंगी” म्हणतात. तीस वर्षं उलटून गेली, तरी त्यांचा लघवीचा रिपोर्ट साफ येतो.

चाचांची गोष्ट आणखी वेगळी. २०१३ साली बडे अब्बांना कुणीतरी किडनी द्यावी असं ठरलं, तेव्हा सगळ्यात आधी चाचा पुढं आले. वय एक्केचाळीस, अंगानं सडपातळ, दवाखाना ठाऊक नसलेला माणूस. दाता म्हणून तपासण्या झाल्या आणि डॉक्टरांनी त्यांनाच बसवून घेतलं. त्यांना शुगर होती आणि लघवीतून प्रथिनं जात होती. भावाला किडनी द्यायला गेलेले चाचा स्वतः किडनीचे रुग्ण होऊन घरी आले.

आपल्याकडं १९९४चा अवयव प्रत्यारोपणाचा कायदा आहे. जिवंत दात्याच्या बाबतीत तो मुख्यतः आई-वडील, मुलं, भावंडं, नवरा-बायको अशा जवळच्या नात्यांवर उभा आहे. अवयवांचा बाजार रोखायला ते गरजेचंच आहे. पण ज्या आजारात सगळं खानदान अडकलेलं असतं, त्यात दाताही त्याच खानदानात शोधावा लागतो, ही पंचाईत आम्ही तेव्हा पहिल्यांदा अनुभवली. बडे अब्बांना किडनी मिळाली नाही. २०१६ साली ते गेले.

त्यांच्या मय्यतीनंतर एक प्रश्न माझ्या डोक्यात राहिला. आई-बाप एक, घर एक, दस्तरखान एक. मग पथ्य पाळणारा भाऊ डायलिसिसवर का गेला आणि शीरखुर्मा खाणारी बहीण ठणठणीत कशी? मी काही डॉक्टर नाही. पण वाचता येतं आणि ओळखीच्या डॉक्टरांना प्रश्न विचारता येतात. जे हाती लागलं ते इथं मांडतोय.

माणसाच्या प्रत्येक किडनीत साधारण दहा लाख बारीक गाळण्या असतात. केसाहून बारीक रक्तवाहिन्यांचे गुच्छ आणि त्यांच्याभोवती एक पातळ पडदा. या पडद्यातून पाणी आणि नको असलेले पदार्थ बाहेर जातात, रक्तातली प्रथिनं मात्र आत राहतात. वर्षानुवर्षं रक्तात साखर जास्त राहिली की हा पडदा जाड होतो, गुच्छ कडक होत जातात आणि अल्ब्युमिन नावाचं प्रथिन लघवीत झिरपू लागतं. १९३६ साली पॉल किमेलस्टील आणि क्लिफर्ड विल्सन यांनी मधुमेहींच्या किडनीतल्या अशा गाठींचं वर्णन केलं. आजही पॅथॉलॉजीच्या पुस्तकांत त्या गाठी त्यांच्याच नावानं ओळखल्या जातात.

म्हणजे दोष साखरेचा, हे खरंच. पण सगळा दोष साखरेचा असता, तर प्रत्येक मधुमेही माणूस कधी ना कधी डायलिसिसच्या खुर्चीत बसला असता. तसं होत नाही. ढोबळमानानं दहांतल्या तीन-चार जणांच्या किडनीवर परिणाम होतो, बाकीच्यांच्या टिकतात. ज्यांना लहानपणीच मधुमेह होतो, त्यांच्यात तर आणखी एक गोष्ट दिसली. पहिली पंधरा-वीस वर्षं किडनी बिघडण्याचं प्रमाण वाढत जातं आणि त्यानंतर चक्क उतरतं. नुसती साखर साठून हे घडत असतं, तर वर्षांबरोबर धोका वाढतच गेला असता. तो उतरतो याचा अर्थ काही माणसं आधीपासूनच नाजूक असतात, आणि त्यांचं जे व्हायचं ते लवकर होऊन जातं.

ही नाजूकता घराण्यात येते का, हे पाहायचा सोपा मार्ग म्हणजे भावंडं. १९८९ साली अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात एलिझाबेथ सीक्विस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच केलं. दोघंही मधुमेही असलेली भावंडं त्यांनी शोधली. ज्यांच्या भावाची किंवा बहिणीची किडनी मधुमेहानं गेली होती, अशा २९ जणांपैकी २४ जणांच्या किडनीत बिघाडाच्या खुणा सापडल्या. म्हणजे ८३ टक्के. ज्यांच्या भावंडाची किडनी चांगली होती, अशा १२ जणांपैकी फक्त दोघांत त्या होत्या. अभ्यास लहान होता, पण फरक एवढा मोठा होता की त्याकडं दुर्लक्ष करता येणं शक्य नव्हतं.

पुढच्याच वर्षी ॲरिझोनातल्या पिमा आदिवासींचा अभ्यास आला. या जमातीत मधुमेह फार, आणि तिथं १९६५पासून पिढ्यान्‌पिढ्यांच्या नोंदी ठेवल्या गेल्या होत्या. आई-वडील दोघांच्याही लघवीतून प्रथिनं जात नसतील, तर मधुमेही मुलांत ते प्रमाण १४ टक्के. एकाच्या जात असतील तर २३. दोघांच्याही जात असतील तर ४६ टक्के.

आणि आपल्याकडं? १९९९ साली चेन्नईत डॉ. विजय विश्वनाथन यांच्या गटानं दक्षिण भारतीय कुटुंबांत असाच शोध घेतला. किडनी बिघडलेल्या रुग्णांच्या मधुमेही भावंडांपैकी निम्म्या जणांच्या लघवीतून प्रथिनं जात होती. किडनी चांगली असलेल्यांच्या भावंडांत असं एकही माणूस सापडलं नाही. हा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा चाचांचा चेहरा डोळ्यांसमोर आला. चाचा दाता म्हणून पुढं आले त्याच्या चौदा वर्षं आधी हे छापून आलं होतं. बडे अब्बांची पहिली लघवी बिघडली त्या दिवशी, “तुमच्या भावंडांची तपासणी करून घ्या,” एवढं एक वाक्य कुणी बोललं असतं, तर चाचांना काही वर्षं आधी कळलं असतं. ज्या दवाखान्यात ते जात होते तिथं ते कुणी बोललं नाही. बाहेर पन्नास माणसं रांगेत होती आणि डॉक्टर एकच.

मात्र घराण्यात दिसतं ते सगळं रक्तातूनच येतं, असं नाही. भावंडं एका पातेल्यातलं खातात, एकाच गावातलं पाणी पितात, एकाच डॉक्टरकडं जातात, एकाच गरिबीत वाढतात. म्हणून शास्त्रज्ञांना पुढचं पाऊल टाकावं लागलं. थेट जनुकांत पाहावं लागलं.

सुरुवातीला त्यांनी संशयितांची यादी केली. रक्तदाब सांभाळणाऱ्या एका विकराचं, एसीई नावाचं जनुक १९९०च्या दशकात फार चर्चेत होतं. एका देशात ते दोषी ठरलं, दुसऱ्या देशात निर्दोष सुटलं. मग संगणक आणि यंत्रं एवढी पुढं गेली की हजारो माणसांच्या संपूर्ण जनुकसंचातल्या लाखो जागा एकदम तपासता येऊ लागल्या. फिनलंडमध्ये १९९७पासून देशभरातल्या मधुमेहींची नोंद ठेवणारा ‘फिनडायन’ नावाचा अभ्यास चालू आहे. अमेरिकेत सरकारी पैशातून ‘फाइंड’ नावाचा अभ्यास उभा राहिला, ज्यात कुटुंबंच्या कुटुंबं घेतली गेली. किडनी बिघडलेला भाऊ आणि न बिघडलेली बहीण, दोघांचं रक्त शेजारी ठेवून फरक शोधायचा, ही त्यातली एक रीत.

मी हे फुफीला सांगितलं. “फुफी, तुमच्यासारखी माणसं शास्त्रज्ञांना हवी असतात. बडे अब्बांसोबत तुमचं रक्त तपासलं असतं तर काहीतरी कळलं असतं.” त्या म्हणाल्या, “मेरेकू तो कुछ हुआ च नही, मेरा खून कायको?” त्यांना काही झालं नाही, हेच तर कोडं आहे. बोस्टनच्या जोस्लिन केंद्रात पन्नास वर्षं इन्सुलिनवर काढलेल्या मधुमेहींना पदक देतात. त्यातल्या कित्येकांच्या किडन्या चांगल्या आहेत. कोणती गोष्ट त्यांना वाचवते, यावर तिथं वेगळं संशोधन चालतं. आजारी माणूस कसा बिघडला, याइतकंच दुसरा कसा टिकला हे विचारणंही महत्त्वाचं असतं.

या शोधातली एक मोठी गोष्ट २०१९ साली हाती आली. युरोपीय वंशाच्या, लहानपणी मधुमेह झालेल्या १९ हजारांहून अधिक माणसांची माहिती अनेक देशांनी एकत्र केली. त्यात जनुकसंचातल्या सोळा जागा किडनीच्या बिघाडाशी जोडलेल्या आढळल्या. त्यांतली सगळ्यात ठळक जागा ‘सीओएल४ए३’ नावाच्या जनुकात होती. हे जनुक एका कोलॅजेनचा धागा बनवतं, आणि वर मी ज्या पातळ पडद्याबद्दल लिहिलं तो पडदा याच धाग्यानं विणलेला असतो. जनुकातलं एक अक्षर बदललं की प्रथिनातला एक मणी बदलतो, आणि असा बदल असलेल्यांच्या किडन्या मधुमेहात जास्त टिकतात. ज्यांची साखर आटोक्यात नव्हती, त्यांच्यात हा बचाव अधिक ठळक दिसला. याच जनुकात मोठा बिघाड झाला तर अल्पोर्ट नावाचा आजार होतो. त्यात मधुमेह नसतानाही किडनी जाते आणि ऐकू येणंही कमी होतं. एकाच धाग्यातला एक बदल मारणारा, दुसरा तारणारा.

फुफीच्या रक्तात हाच बदल असेल का? कुणी तपासलेलं नाही. आणि तपासलं तरी त्यावरून भविष्य सांगता येणार नाही, कारण अशा एकेका बदलाचा परिणाम लहान असतो. अनेक जनुकं थोडी थोडी इकडून तिकडून ओढतात आणि त्यात साखर, रक्तदाब, तंबाखू, वजन यांची भर पडते. ‘मधुमेहात किडनी जाणार की नाही’ हे सांगणारी एकच एक जनुकीय चाचणी आज नाही. कुणी तसं सांगून पैसे घेत असेल तर सावध राहा.

आता एक नाजूक विषय. आमच्या अम्मी-अब्बांचं लग्न नात्यातलं आहे. दादी आणि नानी सख्ख्या बहिणी. त्यामुळं आजाराची गोष्ट निघाली की कुणीतरी हमखास टोमणा मारतं, “तुम्ही घरातल्या घरात लग्नं करता ना, म्हणून.” खरं म्हणजे मामाच्या मुलीशी लग्न महाराष्ट्रातल्या अनेक हिंदू जातींत रीतीचं मानलं जातं आणि दक्षिणेत तर मामा-भाचीचंही होतं. त्यामुळं ही चर्चा फक्त मुस्लिमांना धरून करण्यात अर्थ नाही. पण टोमणा चुकीचा आहे म्हणून प्रश्नही चुकीचा ठरत नाही. नात्यातल्या लग्नात मुलाला आई आणि वडील दोघांकडून एकच जनुक मिळण्याची शक्यता वाढते. एकाच जनुकाच्या बिघाडानं होणारे काही दुर्मीळ आजार त्यामुळं जास्त दिसतात, आणि किडनीचे काही आजार त्यात मोडतात. मधुमेहासारख्या, अनेक जनुकांच्या आजारात हा परिणाम कमी असेल असं मानलं जायचं. लंडनमध्ये बांगलादेशी आणि पाकिस्तानी वंशाच्या लोकांचा ‘जीन्स अँड हेल्थ’ नावाचा मोठा अभ्यास चालू आहे. त्यातून २०२३ साली आलेल्या निष्कर्षानुसार, ब्रिटिश पाकिस्तानी लोकांतल्या मधुमेहाच्या ५ ते १८ टक्के रुग्णांमागं नात्यातली लग्नं हे कारण असू शकतं. म्हणजे ८२ टक्क्यांहून अधिक रुग्णांमागं दुसरी कारणं आहेत. हे दोन्ही आकडे एकत्र लक्षात ठेवावेत. टोमणा मारणाऱ्यानंही, आणि नाराज होऊन विषय झटकणाऱ्यानंही.

लंडनच्या या अभ्यासाचा उल्लेख मी मुद्दाम केला. कारण जनुकांचं हे सगळं ज्ञान बहुतेक करून युरोपीय वंशाच्या माणसांच्या रक्तातून आलेलं आहे. वेगळ्या लोकांचा अभ्यास केला की काय हाती लागतं, याचं मोठं उदाहरण ‘एपीओएल१’ या जनुकाचं. आफ्रिकी वंशाच्या अमेरिकनांत किडनीचे आजार इतके जास्त का, याचं एक उत्तर २०१० साली या जनुकात सापडलं. त्यातले दोन बदल आफ्रिकेत पसरले, कारण ते माशीतून होणाऱ्या झोपेच्या आजाराच्या परजीवींपासून रक्षण करायचे. पण आई आणि वडील दोघांकडूनही असा बदल मिळाला, तर किडनी बिघडण्याचा धोका वाढतो, मुख्यतः मधुमेहाशी संबंध नसलेल्या आजारांत. युरोपीय लोकांत हे बदल जवळपास नाहीतच. फक्त त्यांचंच रक्त तपासत बसलं असतं तर हे कधीच कळलं नसतं. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात मधुमेहाचे रुग्ण दहा कोटींच्या पुढं आहेत. ‘जीनोम इंडिया’ प्रकल्पातून दहा हजार भारतीयांच्या जनुकसंचाची माहिती २०२५च्या जानेवारीत संशोधकांना खुली झाली. सुरुवात चांगली आहे, पण आमच्या मोहल्ल्यांतल्या घराण्यांपर्यंत हे पोचायला वेळ लागेल.

आणि पोचताना विश्वास लागेल. ॲरिझोनातच हवासुपाई नावाची छोटी जमात ग्रँड कॅनियनच्या दरीत राहते. मधुमेह का होतो ते शोधू म्हणून १९९० साली राज्याच्या विद्यापीठातल्या संशोधकांनी त्यांचं रक्त घ्यायला सुरुवात केली. पुढं तेच रक्त, त्यांना न सांगता, मानसिक आजार, जवळच्या नात्यातली लग्नं आणि जमात मूळची कुठली, अशा विषयांवरच्या संशोधनात वापरलं गेलं. लोक कोर्टात गेले. २०१० साली विद्यापीठानं तडजोड केली, सात लाख डॉलर दिले आणि उरलेलं रक्त परत केलं. पूर्वजांच्या वस्तू परत याव्यात तसं त्यांनी ते आणलं. आपल्याकडं उद्या कुणी रक्त मागायला आलं, तर ते कशासाठी, किती वर्षं, आणखी कशासाठी वापरणार, हे विचारायचा हक्क आपला आहे. विचारणं म्हणजे विज्ञानाला विरोध नव्हे.

‘खानदानी’चा आणखी एक अर्थ मला पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमधल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या कामातून कळला. जनुकांखेरीज आईच्या पोटातूनही वारसा येतो. पुण्याजवळच्या खेड्यांतल्या मातांवर १९९३पासून त्यांनी केलेल्या अभ्यासात दिसलं की, आपली बाळं वजनानं हलकी असतात, पण त्या मानानं अंगात चरबी जास्त असते. दिसायला बारीक आणि आतून मधुमेहाच्या वाटेवर. किडनीबाबत आणखी एक गोष्ट आहे. किडनीतल्या गाळण्या जन्माआधीच तयार होतात, नंतर नवी तयार होत नाही. पोटात असताना बाळाचं पोषण झालं नाही तर गाळण्या कमी भरतात, हा विचार बॅरी ब्रेनर यांनी १९८८ साली मांडला. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी हॉलंडमध्ये दुष्काळ पडला होता. त्या वेळी गर्भाच्या मधल्या महिन्यांत असलेल्या मुलांची सुमारे पन्नास वर्षांनी तपासणी झाली, तेव्हा त्यांच्या लघवीत अल्ब्युमिनचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त वेळा वाढलेलं आढळलं.

आमचे चाचा १९७२चे. त्या साली मराठवाड्यात काय होतं, हे इथल्या कुठल्याही म्हाताऱ्या माणसाला विचारा. दादी दुष्काळी कामावर खडी फोडायला जायच्या. मिलोची लाल भाकर आणि कामावर मिळणारी सुकडी यांवर त्यांनी ते दिवस काढले, आणि चाचा तेव्हा त्यांच्या पोटात होते. चाचांच्या किडनीचं कारण हेच, असं मी म्हणू शकत नाही. एका माणसाबाबत असं कुणीच म्हणू शकत नाही. पण “खून में च है” म्हणताना त्या रक्तात जनुकांसोबत एक दुष्काळही असू शकतो, एवढं मात्र नक्की.

मग या सगळ्याचा उपयोग काय? मला दिसतो तो एकच आणि साधा. घराण्यात एकाची किडनी मधुमेहानं गेली असेल, तर बाकीच्या मधुमेही भावंडांना आणि मुलांना धोका जास्त आहे. आणि हा धोका लवकर कळला तर त्यावर उपाय आहेत. लघवीतल्या अल्ब्युमिन-क्रिएटिनिनच्या प्रमाणाची एक तपासणी असते. हे प्रमाण ३०च्या वर गेलं तर इशारा समजायचा. ताप किंवा दगदगीनंही ते वाढतं, म्हणून पुन्हा तपासून खात्री करायची. सोबत रक्तातलं क्रिएटिनिन आणि रक्तदाब. मोठ्यांना होणाऱ्या मधुमेहात ही तपासणी निदान झालं त्याच दिवसापासून दरवर्षी व्हायला हवी, कारण या अवस्थेत काहीही दुखत-खुपत नाही. लघवीला फेस आणि पायाला सूज येईपर्यंत उशीर झालेला असतो.

औषधंही आहेत. १९९३ साली कॅप्टोप्रिल या रक्तदाबाच्या गोळीनं लहानपणी मधुमेह झालेल्या रुग्णांत मृत्यू, डायलिसिस आणि प्रत्यारोपण यांचा एकत्रित धोका निम्म्यावर आणल्याचं सिद्ध झालं. २०१९ साली ग्लिफ्लोझिन गटातल्या एका गोळीनं मोठ्यांच्या मधुमेहात किडनी निकामी होणं लांबवल्याचं दिसलं. याच गटातल्या डापाग्लिफ्लोझिनचं पेटंट भारतात संपलं आणि ती गोळी सामान्य माणसाच्या आवाक्यात आली. कोणती गोळी कुणाला, हे डॉक्टरच ठरवतील. चाचा गेली काही वर्षं अशाच गोळ्यांवर आहेत. त्यांचं क्रिएटिनिन जिथं होतं तिथंच आहे. एका आईची दोन लेकरं. बडे अब्बांच्या वाट्याला हे आलं नाही, चाचांच्या वाट्याला आलं.

अडचण आहे ती सांगण्याची. बडे अब्बा डायलिसिसच्या काळात मे महिन्यातसुद्धा पूर्ण बाह्यांचा कुर्ता घालायचे. हातावरच्या फिस्टुलाची फुगलेली शीर दिसू नये म्हणून. मुलीचा रिश्ता चालू होता. “खानदान में बीमारी है” असं कळलं तर माणसं उठून जातील, ही भीती. निकाह होईपर्यंत घराबाहेर कुणाला कळू दिलं नाही. रमजानमध्ये त्यांनी रोजे धरले नाहीत आणि मोजून पाणी पिताना कुणीतरी पाहिलं, तेव्हा मोहल्ल्यात बातमी गेली. ही लपवाछपवी केवळ आमच्या घरची नाही, कुठल्याही धर्माच्या, जातीच्या घरात जा. म्हणजे एकीकडं आपण आजाराला खानदानी म्हणतो आणि दुसरीकडं तो खानदानापासूनच लपवतो. चुलत-मावस भावंडांना कळतच नाही की कुणाचं काय झालं, कुठल्या वयात झालं.

गेल्या वर्षी बासी ईदच्या दुपारी सगळे जमले होते, तेव्हा मी एक मोठा कागद घेऊन बसलो. दादा-दादी वर, खाली फांद्या. प्रत्येकापुढं शुगर कधी निघाली, लघवी कधी तपासली, किडनीचं काय. सुरुवातीला हसण्यावारी गेलं. मग अब्बांनी स्वतःचे आकडे सांगितले, चाचांनी फाईल आणली, आणि बाकीचे बोलू लागले. बडे अब्बांचा मुलगा, माझा छत्तीस वर्षांचा चुलतभाऊ, शेवटी हळूच म्हणाला की त्याला तीन वर्षांपासून शुगर आहे. त्याच्या बायकोलाही ठाऊक नव्हतं. दुसऱ्या आठवड्यात तपासणी झाली. अल्ब्युमिन वाढलेलं निघालं, पुन्हा तपासलं तरी तेच. त्याचं क्रिएटिनिन अजून चांगलं आहे, गोळ्या सुरू झाल्या आहेत. त्याच्या वडलांना हा टप्पा कुणी दाखवलाच नव्हता.

त्या कागदावर काही जागा रिकाम्या राहिल्या, आणि त्यातल्या बहुतेक बायकांच्या होत्या. पुरुष कशानं गेले हे कुणाला तरी आठवत होतं. नानी बाळंतपणात गेल्या, एवढंच माहीत. दादी १९८१ साली गेल्या, पन्नाशीही झाली नव्हती. कशानं, विचारलं तर फुफी थोडा वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, “सूज आयी थी. पैर में, फिर मुँह पे. दवाखाने कौन लेके जाता?”

मी दादींच्या नावापुढं ‘सूज’ लिहिलं आणि पुढं प्रश्नचिन्ह टाकलं. त्या कागदाचा फोटो आता घरातल्या सगळ्यांच्या फोनमध्ये आहे, अमेरिकेतल्या आणि दुबईतल्या भावंडांच्यासुद्धा. चुलतभावाच्या मुलीला अजून वाचता येत नाही. ती मोठी होईल तेव्हा तिला तिच्या पणजीबद्दल निदान एवढं तरी लिहिलेलं सापडेल.